घर बघायला जाताना



रविवारची दुपार होती. जेवण आटोपून आम्ही कशेडीच्या घरी पडवीत जरा आडवे झालो होतो, तोच भावकीतल्या पुतण्याचा फोन आला. आवाजात घाई होती. "काका, महाडला फ्लॅट बघायला आलोय. एकदम झकास आहे. साहेब म्हणतायत, आजच्या आज एक्कावन्न हजार भरले तर दीड लाखाची सूट. उद्यापासून भाव वाढणार. काय करू?"

आम्ही विचारले, "सूनबाईंनी बघितला का?"

"ती घरी आहे. पोराची परीक्षा आहे ना."

"मग आज काही देऊ नकोस. पुढच्या रविवारी तिला घेऊन जाऊ. आम्हीही येतो."

त्याला ते आवडले नाही. पण मोठ्यांचा शब्द म्हणून त्याने पैसे दिले नाहीत.

हा पुतण्या महाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. आठ वर्षे कंत्राटावर काढली, मग कायम झाला. सूनबाई घरी शिवणकाम करतात. बिरवाडीकडे भाड्याच्या एका खोलीत चौघांचा संसार. बारा वर्षांत पोस्टात आणि बँकेत मिळून साडेतीन लाख जमले. त्यात सूनबाईंच्या शिलाईचे पैसे किती, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. अशा घराचे एक्कावन्न हजार एका दुपारी जाणे म्हणजे काय, हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे. २००९ साली आम्ही स्वतः पनवेलच्या पुढे एक जागा बघायला गेलो होतो. गाडी त्यांची, नाष्टा त्यांचा, वर थंड पेय. नकाशा रंगीत होता, जागेवर मात्र गवत होते. आम्ही बी. कॉम. झालेलो, कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासणारे. तरी साध्या कागदावरची पावती घेऊन पंचवीस हजार देऊन आलो. तिथे आजवर वीट चढली नाही आणि पैसेही परत आले नाहीत. शिकलेल्यांचे हे हाल, तर इतरांचे काय होत असेल? म्हणून आज हा विषय घेतला आहे.

त्या रविवारी आम्ही, आमच्या सौ., पुतण्या आणि सूनबाई असे चौघे गेलो. सोबत तीन वस्तू नेल्या : मापाची पट्टी, वही-पेन आणि पाण्याची बाटली. बाटली अशासाठी की त्यांचा चहा-नाष्टा घेतला की आपल्या माणसाला नाही म्हणायला जड जाते. आपण गरीब असलो तरी मिंधे नाही. घर बघणे म्हणजे पाहुणचाराला जाणे नव्हे, ती तपासणी आहे. आणि तपासणीच्या दिवशी पैसे द्यायचे नसतात. या लेखातले दुसरे काही ध्यानात राहिले नाही तरी एवढे ठेवा.

बिल्डर जो सजवलेला फ्लॅट दाखवतो त्याला सॅम्पल फ्लॅट म्हणतात. तो आपल्याला मिळणारा फ्लॅट नसतो. बऱ्याच वेळा तो तळमजल्यावर किंवा शेडमध्ये वेगळा उभारलेला असतो. त्यात आतल्या खोल्यांना दारे लावलेली नसतात, त्यामुळे जागा मोठी भासते. भिंतीला मोठा आरसा असतो. दिवे भरपूर. पलंग, कपाट, टेबल हे सारे मुद्दाम लहान मापाचे बनवून घेतलेले असते. सूनबाईंनी पट्टी लावली तर तो पलंग सव्वापाच फूट निघाला! आमचा पुतण्या त्यावर झोपला तर पाय बाहेर येतील. स्वयंपाकघराच्या ओट्यावर फुलदाणी होती, पण गॅसची टाकी कुठे ठेवायची, धुणे कुठे वाळत घालायचे, शिलाई मशीन कुठे बसेल, हे त्यांनी विचारले तेव्हा तो टाय लावलेला तरुण गप्प झाला. पुतण्याला आठ दिवसांपूर्वी यातला एकही प्रश्न सुचला नव्हता. म्हणून आमचे सांगणे आहे की ज्या बाईला त्या घरात सर्वांत जास्त तास काढायचे आहेत तिला नेल्याशिवाय घर बघूच नये. जमल्यास म्हातारी माणसेही न्यावीत. जिना त्यांना चढवतो की नाही ते तिथेच कळते.

त्यानंतर हिशेब. त्या तरुणाने सांगितले, "साडेसहाशे फुटांचा वन बीएचके, एकवीस लाख." आम्ही सर्वांनी मिळून खोल्या मोजल्या. बाहेरची खोली १५ बाय १०, म्हणजे १५०. झोपायची खोली ११ बाय १०, म्हणजे ११०. स्वयंपाकघर ९ बाय ८, म्हणजे ७२. मधला बोळ २४. न्हाणीघर आणि संडास मिळून ४४. बेरीज ४०० चौरस फूट. मग उरलेले अडीचशे फूट कुठे गेले? ते बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्ट आणि गॅलरी यांत गेले. साडेसहाशेने भागले तर भाव फुटाला सुमारे ३,२३० रुपये पडतो. चारशेने भागले तर ५,२५०. रेरा कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्याच दिलेली आहे. घराच्या आतली वापरायची जागा आणि आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, गॅलरी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणून "किती फुटांचा?" असे विचारू नका, "चटई क्षेत्र किती?" असे विचारा आणि तो आकडा त्यांच्या हाताने कागदावर लिहून घ्या.

रेरा हा शब्द पुष्कळांनी ऐकला असेल. २०१६ साली संसदेने हा कायदा केला आणि आपल्या राज्यात मे २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण काम करू लागले. त्यातल्या चार गोष्टी घर बघायला जाणाऱ्याने पाठ कराव्यात. पहिली : इमारत महारेराकडे नोंदलेली असेल तर तिला 'पी' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. २०२३ च्या ऑगस्टपासून जाहिरातीवर क्यूआर कोडही छापावा लागतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, ती मोबाईलवर तो कोड लावून मंजूर नकाशा, जमिनीची माहिती आणि ताबा देण्याची तारीख दोन मिनिटांत काढून देईल. दुसरी : नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. एकवीस लाखांच्या घराला ही मर्यादा दोन लाख दहा हजार होते. तिसरी : जाहिरात किंवा सॅम्पल फ्लॅट बघून आपण पैसे दिले आणि दाखवलेली गोष्ट खोटी निघाली, तर भरपाई मागता येते, घर नको असेल तर व्याजासह पैसे परत मागता येतात. म्हणून सॅम्पल फ्लॅटचे फोटो काढून ठेवा आणि छापील माहितीपत्रक जपा. चौथी : ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो.

मात्र आपल्या महाड-पोलादपूरकडे एक अडचण आहे. ज्या जागेचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा जिथे आठपेक्षा जास्त घरे नाहीत, त्या बांधकामाला महारेराची नोंदणी लागत नाही. तालुक्याच्या गावी अशा लहान इमारती भरपूर असतात. तिथे मोबाईलवर काही सापडणार नाही, कागदच बघावे लागतील. सातबारा, बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि इमारत पुरी झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, एवढे मागायचेच. "ग्रामपंचायतीची घरपट्टी लागलेली आहे, मग काळजी कसली?" असे कोणी म्हणाले तर फसू नका. घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम मंजूर झाले असे होत नाही.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असेल तर तिथेच थांबा. आपल्या समाजाने हा शेरा विशेष ओळखला पाहिजे. महार वतनाची जमीनही याच वर्गात येते. १९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाली आणि त्या जमिनी शर्तीवर परत दिल्या गेल्या. अशा जमिनीवर इमारत उभी करायची तर शासनाची परवानगी आणि नजराणा लागतो. तो न भरता इमारत उठली तर वतनदाराची पोरेही नागवली जातात आणि फ्लॅट घेणाराही नागवला जातो. आणि त्या दोघांत आपलीच माणसे असू शकतात.

आता महाडकरांना जे सांगायला नको ते आमच्या मुंबईकर वाचकांसाठी सांगतो. २४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसे मेली. ती काही जुनीपुराणी चाळ नव्हती. लोकांनी पै पै जमवून घेतलेली अलीकडची घरे होती. त्यांनीही कधीतरी ती घरे बघितली असतील, लादी बघितली असेल, रंग बघितला असेल. आपल्यासारखेच लोक. लादीखाली आणि रंगामागे काय आहे ते साध्या माणसाला दिसत नाही, हे खरे. पण खांबाला गेलेली तड, गिलाव्यातून बाहेर आलेली गंजकी सळई, हाताने घासले की भुसभुशीत झडणारा गिलावा, तळमजल्यावर साचलेले पाणी, हे दिसते. इमारतीचा आराखडा कोणत्या इंजिनिअरने केला, त्याचे नाव आणि सहीचा कागद मागता येतो. ओळखीचा गवंडी किंवा सेंट्रिंगचे काम करणारा आपल्या वस्तीत असतोच. त्याला एक दिवसाची मजुरी देऊन सोबत न्या. एकवीस लाखांच्या खरेदीत त्याची मजुरी महाग नाही.

दुसरे पाण्याचे. आमच्या कशेडीला वाडवडील घराचे जोते घालण्याआधी एक पावसाळा जाऊ द्यायचे. डोंगरावरून पाणी कुठून उतरते, कुठे मुरते, माती कुठे सरकते, हे बघून मग दगड बसवायचे. आपल्या भागात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. इथे घर उन्हाळ्यात बघणे म्हणजे अर्धेच बघणे. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीच्या वर माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीलाही तोच घाला पडला. त्याच दिवसांत महाड शहर सावित्री-गांधारीच्या पुरात बुडाले. म्हणून इमारत नदीकडे असेल तर नगरपरिषदेत पूररेषा विचारा. निळ्या आणि लाल रेषेच्या आत जागा येते का ते बघा. इमारत डोंगराच्या पायथ्याशी असेल तर मागचा उतार किती तोडला आहे आणि त्याला भिंत आहे का ते चालत जाऊन बघा. नाक्यावरच्या जुन्या दुकानदाराला विचारा, "२००५ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आले होते?" तो हाताने भिंतीवर खूण दाखवील.

त्या रविवारी आम्ही असाच प्रश्न रस्त्यापलीकडच्या पानवाल्याला विचारला. त्याने छातीपर्यंत हात नेला. सजवलेल्या फ्लॅटमध्ये हे कोणी सांगितले नव्हते. मग खाली पाण्याच्या टाकीशी धुणे धुणाऱ्या दोन भगिनी शेजारच्या तयार इमारतीत राहत होत्या, त्यांच्याशी सौ. आणि सूनबाई बोलल्या. नळाला पाणी एक दिवसाआड, उन्हाळ्यात टँकर, त्याचे पैसे वेगळे, आणि रात्री वारा फिरला की कारखान्यांचा वास, एवढी माहिती पाच मिनिटांत मिळाली. पुरुषांना ती पाच महिन्यांत मिळाली नसती.

मग आम्ही कचेरीत बसलो आणि कागद मागितले. तो तरुण म्हणाला, "सगळं क्लिअर आहे काका, बँकेचं लोन होतं इथे." आम्ही म्हटले, "आनंद आहे. झेरॉक्स द्या, वकिलाला दाखवून पुढच्या आठवड्यात येतो." तेव्हा त्याचा सूर बदलला. "आजची सूट उद्या राहणार नाही," म्हणाला. आमचे उत्तर एवढेच होते की जी सूट कागद बघेपर्यंत थांबत नाही ती सूट आम्हाला नको. मंजूर नकाशा त्याने शेवटपर्यंत दाखवला नाही. आम्ही उठलो.

परतताना पुतण्या म्हणाला, "काका, मला तर हे विचारायची लाजच वाटली असती. ते टायवाले, एसी ऑफिस. आपण कोण?" या वाक्याने आम्हाला रात्री झोप लागली नाही. ज्या महाडमध्ये १९२७ साली आपल्या आजा-पणजांनी तळ्याच्या पाण्याला हात लावून आपण कोण ते सांगितले, त्याच महाडमध्ये आपला कमावता मुलगा स्वतःच्या पैशाने घेणार असलेल्या घराचा कागद मागायला लाजतो! बंधूंनो, विकणारा उपकार करत नाही. कागद मागणे हा उद्धटपणा नव्हे, तो हक्क आहे.

याच ओघात एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. जुने घर मालकाकडून घेताना, म्हणजे रिसेलमध्ये, आपल्यापैकी अनेकांना आडनाव सांगितल्यावर "विचार बदलला, घर विकायचे नाही" असे ऐकावे लागते. १९१७ साली बडोद्यात परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांनाही राहायला जागा मिळाली नव्हती, हे आपण जाणतो. नाव लपवून घर घेऊ नका. तिथे आपल्या मुलांना वाढायचे आहे, घरात बुद्धरूप ठेवायचे आहे, चौदा एप्रिलला दिवे लावायचे आहेत. पहिल्याच भेटीत पूर्ण नाव सांगा आणि समोरच्याचा चेहरा बघा. घरासोबत शेजारही बघायचा असतो. ते आपल्याला पारखतात तसे आपणही त्यांना पारखावे.

रिसेलचे घर बघताना आणखी थोडे जास्त लक्ष ठेवा. नव्याने रंगवलेला एखादाच कोपरा दिसला तर हात लावून ओल बघा. सगळे नळ एकदम सोडा, फ्लश ओढा, दिव्यांची बटणे दाबा. खिडक्या उघडून बंद करा. गच्चीवर जाऊन या. मालकावर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतात. कर्ज किती उरले ते लेखी विचारा. सोसायटी असेल तर थकबाकी आणि भागपत्र बघा. आधीच्या खरेदीचा इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. एकदा दिवसा, एकदा रात्री आणि शक्य तर एकदा भर पावसात जा. तिन्ही वेळी जे घर आवडेल ते आपले.

भगिनींसाठी एक गोष्ट : घर फक्त बाईच्या नावाने खरेदी केले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत २०२१ पासून आहे. वीस लाखांच्या घराला वीस हजार वाचतात. नवऱ्यासह जोडनावाने घेतले तर ती मिळत नाही. नोंदणीच्या वेळी दुय्यम निबंधक कार्यालयात याची खात्री करून घ्या.

पुतण्याचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. घर अजून घेतलेले नाही. मधल्या काळात त्यांनी सहा घरे बघितली. सूनबाईंनी शाळेच्या जुन्या वहीत प्रत्येक घराला एक पान दिले आहे. माप, पाणी, ओल, कागद, शेजार आणि भाव अशी सहा खाती त्यांनी पाडली आहेत. सहावी शिकलेल्या त्या बाईचा हिशेब बघून आम्हाला आमची पदवी थोडी लहान वाटली. त्यातले एक घर दुसऱ्या मजल्यावरचे, दहा वर्षांचे जुने आहे. भोगवटा प्रमाणपत्र आहे, नदी लांब आहे. भाव मात्र दीड लाखाने जास्त पडतो, म्हणून आणखी वर्षभर भाड्याच्या खोलीत काढायचे त्यांनी ठरवले आहे. पोरगा रुसला आहे, कारण त्याला त्या सॅम्पल फ्लॅटमधली निळी खोली हवी होती. त्याला समजवायला आम्ही गेलो तेव्हा सूनबाईच म्हणाल्या, "काका, रंग काय, आपण नंतरही निळा देऊ."

येत्या जुलैत ते घर भर पावसात पुन्हा बघायचे ठरले आहे. आम्हीही जाणार आहोत, छत्री आणि पट्टी घेऊन.

आपल्यापैकी कोणी घर बघायला निघाले असेल तर हे पान कापून खिशात ठेवा. आणि एकटे जाऊ नका. वस्तीतल्या दोन जाणत्या माणसांना आणि घरातल्या बाईला घेऊनच जा.

जयभीम.